सात थोरल्या

३ फेब्रुवारी

भावोजी,

खोकं जपून उघडा. यंदा भुसा कमी आणि वर्तमानपत्रं जास्त आहेत, कारण तुमचे दादा भुसा देत नाहीत. स्वतः बांधलेल्या पिंपाच्या फळीचा भुसासुद्धा ते जिवापाड जपतात. आत यंदाच्या मिश्रणाच्या तीन छोट्या बाटल्या आहेत. पाणी न घालता चाखा, आणि कृपा करून दात घासल्या घासल्या नको. मागच्या वर्षी तुम्ही लिहिलं होतं, 'पुदिन्याचा सुगंध जाणवतो.' मी ते कारखान्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. बाटल्या भरणाऱ्या बायका अजून तुम्हाला पुदिनेवाले म्हणतात.

आता कामाचं. मालकांनी रेडिओवर ऐकलं की तुमच्याकडचं सरकार आपल्या ब्रँडीवर मोठं आयात शुल्क बसवणार. तेव्हापासून ते गोदामात नुसते येरझाऱ्या घालताहेत आणि खोक्यांना हात लावून बघताहेत. निम्म्याहून जास्त माल तुमच्याकडेच जातो, तेव्हा त्यांचं तरी काय चुकलं? तुम्ही ज्यांच्याकडे नोकरीला आहात त्या आयातदार बाईंना विचारा आणि खरं काय ते लिहा. फोन नको. फोनवर तुम्ही 'होईल हो वहिनी' म्हणून मोकळे होता. कागदावर माणूस जरा तरी विचार करतो.

माझ्या सातही थोरल्या मजेत आहेत. परवा सातव्या पिंपाच्या तोंडाशी नाक नेलं आणि तुमच्या वडिलांची आठवण आली. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला तळघरात नेलं होतं. म्हणाले, 'तुला या घरात थोरली जाऊ नाही. या सात तुझ्या थोरल्या जावा. दर वर्षी एकेकीतून तिसरा हिस्सा काढायचा आणि तेवढीच धाकट्या पिंपांतली ब्रँडी वरून घालायची. त्याहून जास्त मागितलंस तर रुसतील.' म्हणून तर तळातलं जुनं कधी संपलं नाही. ते किती जुनं आहे हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

दादा बरे आहेत. पाठ दुखते, सांगत नाहीत.

तुमची वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

पुदिनेवाल्याचा दंडवत. पहिली बाटली चांगली आहे. दुसरी फार चांगली आहे. तिसरी आमच्या बाईंनी पळवली आणि परत दिली नाही, त्यावरून काय ते समज.

बातमी खरी आहे. एक एप्रिलपासून एवढं शुल्क बसणार की दुकानात आपली बाटली जवळजवळ दुप्पट महाग होईल. गंमत म्हणजे भांडण ब्रँडीवरून नाहीच. आपल्या सरकारनं इथल्या मोटारींवर कर वाढवला, म्हणून इथल्यांनी चिडून एक यादी काढली आणि तिच्यात आपण सापडलो. मोटारीचा आणि ब्रँडीचा संबंध काय, असं मी बाईंना विचारलं. म्हणाल्या, 'दोन्ही एकत्र करू नयेत, एवढाच.'

पण हातपाय गाळू नकोस, वाट आहे. एक एप्रिलच्या आत जो माल जहाजावर चढेल त्याला जुनाच दर. मागेही एकदा शुल्क वाढलं होतं तेव्हा जहाजावर चढल्याचीच तारीख धरली होती, मी स्वतः ते काम केलंय. बाई म्हणतात, जुना माल जेवढा पाठवाल तेवढा घेते, साठवून ठेवते आणि हळूहळू विकते. त्या पैशावर कारखाना दोन वर्षं सहज तगेल. तोवर ही सरकारं भांडून दमतील. मात्र कोवळा माल नको म्हणतात. इथलं गिऱ्हाईक थोरल्यांच्या चवीला पैसे मोजतं.

म्हणून विचारतो, रागावू नकोस. यंदा थोरल्या पूर्ण रिकाम्या केल्या तर? धाकट्यांतलं सगळं त्यांच्यात मिसळायचं आणि एकदम बाटलीत. दादा काय म्हणेल ते मला इथूनही ऐकू येतंय. पण शेवटी पिंपंच ना वहिनी, पुन्हा भरता येतील. कारखानाच उरला नाही तर थोरल्यांची मर्जी सांभाळून काय करणार?

माझ्या शब्दावर पाठव.

तुझा दीर

८ मार्च

भावोजी,

माल गेला. काल ट्रक बंदराकडे निघाले, जहाज पंधरा तारखेला सुटतंय. तुमच्या एक एप्रिलला भरपूर अवकाश आहे.

मालक तर तुमचं पत्र वाचून लगेच हो म्हणाले. पण मिश्रण करणारीची मान हलल्याशिवाय तळघरातलं एकही पिंप उघडायचं नाही हा इथला जुना नियम, त्यामुळे घोडं माझ्यापाशी येऊन अडलं. तुमच्या दादांना विचारलं. ते म्हणाले, 'रिकामं पिंप म्हणजे नुसतं लाकूड.' त्यापुढे अबोला. मी बाटल्या भरणाऱ्या बायकांकडे बघितलं आणि हो म्हटलं. त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरात दुसरं कमावणारं माणूस नाही. मला वाटतं मी बरोबर केलं. तुम्हालाही तसंच वाटतंय ना?

थोरलीच्या तळाशी काय असतं ते आजवर कुणी बघितलेलं नव्हतं. काळा, मधासारखा दाट गाळ निघाला. मी बोटावर घेऊन चाटला. ती चव मला सांगता येत नाही, आणि चव सांगणं हा तर माझा धंदा. शेवटी पंप हवा ओढायला लागला, नळी खरखर वाजली, तेव्हा तुमचे दादा जिना चढून निघून गेले. मीही जाणार होते, पण पंप बंद करायला कुणीतरी हवं होतं.

मग मात्र कारखान्यात लग्नघर असावं तशी धांदल. दोन दोन पाळ्या. बायका इतक्या हसत होत्या की पाळीवरचा मुकादम वैतागला, आणि तो वैतागला म्हणून त्या आणखी हसल्या. मीसुद्धा खोकी बांधायला बसले. इतकी वर्षं जपलेलं तुमच्याकडे पाठवताना प्रत्येक खोक्याची दोरी दोनदा ओढून बघत होते, पण चांगलंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

एकच काळजी आहे. रिकामं पिंप सुकतं, फळ्या आकसतात, पट्टे सैल होतात. नवी ब्रँडी गाळायला अजून द्राक्षं यायची आहेत. पाणी भरून ठेवलं तर फळ्या टिकतील, पण त्यांच्यात मुरलेली जुनी ब्रँडी पाण्याबरोबर निघून जाईल. दादा पाणी भरू देत नाहीत. ओली पोती घालून भागवताहेत.

पोचल्याबरोबर कळवा.

तुमची वहिनी

१४ एप्रिल

वहिनी,

पत्राला उशीर झाला, कामाची गडबड होती. जहाज वाटेत एका बंदरात संपामुळे अडकलं, पण आता पोचलंय. एकही बाटली फुटली नाही, दादाला मुद्दाम सांग. कागदपत्रांची थोडी अडचण आहे, ती मी बघतोय. काळजी करण्यासारखं काही नाही.

इथे हवा छान आहे. बाई कार्यालयाची जागा बदलताहेत, तेव्हा यापुढे पत्रं माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझा दीर

३० एप्रिल

भावोजी,

हवा छान आहे हे वाचलं आणि मी तशीच मालकांकडे गेले. इतक्या वर्षांत तुम्ही कधी हवेबद्दल लिहिलं नाही.

मालकांना बाईंकडून सगळं कळलंय. या वेळी जहाजावर चढल्याची तारीख धरत नाहीत, तुमच्याकडच्या बंदरात नोंद झाल्याची धरतात. नोंद झाली पाच एप्रिलला. माल सीमाशुल्काच्या गोदामात कुलपात आहे आणि शुल्क भरून सोडवायला बाई तयार नाहीत. तुम्हाला हे आधी माहीत होतं का, ते मी विचारत नाही. नसणारच. माहीत असतं तर तुम्ही पाठवायला सांगितलं नसतं, एवढं मी तुम्हाला ओळखते. पण विचारून घ्यायला हवं होतंत हो. एका माणसाला एकदा विचारायचं होतं.

बाटल्या भरणाऱ्या बायकांना शनिवारी घरी पाठवलं. एकही भांडली नाही. मला भांडलेलं चाललं असतं.

आता नीट वाचा. तुमचे दादा इतक्या दिवसांनी बोलले, आणि बोलले ते असं की माल परत आणा. बाटलीत ब्रँडी मुरत नाही पण बिघडतही नाही. एकेक बूच काढायचं आणि परत थोरल्यांत ओतायची. हसू नका. मीही आधी हसले, मग रात्रभर विचार केला आणि म्हटलं, का नाही? धाकट्यांतलं त्यात मिसळलंय, पण ते तसंही कधीतरी मिसळणारच होतं. थोरल्यांना त्यांचं त्यांना परत मिळेल. घरी बसलेल्या बायका बिनपगारी बुचं काढायला येतो म्हणाल्या. मालक एक ट्रक विकून परतीचं भाडं भरायला तयार आहेत, कारण थोरल्या भरलेल्या असल्या तर उद्या कुणीतरी कारखाना चालवायला घेईल. रिकाम्या असतील तर कोण घेणार?

घाई करा. ऊन वाढत चाललंय. दादा म्हणतात, पोत्यांवर फार तर पावसापर्यंत तग धरतील.

तुमची वहिनी

२५ मे

वहिनी,

तुझं पत्र घेऊन मी सगळीकडे फिरलो. बाईंनी परत पाठवायला हरकत घेतली नाही. गोदामवाल्यांनीही घेतली नाही. आनंदानं आपल्या वकिलातीत गेलो, तिथे सगळं संपलं.

तू वाचलं असशीलच, आपल्या सरकारनं उत्तर म्हणून इथून येणाऱ्या सगळ्या दारूवर तितकंच शुल्क बसवलंय. त्यात आपला मालही येतो. मी त्या अधिकाऱ्यापुढे बाटली ठेवली. म्हटलं, हे लेबल बघा, यावर आपल्या कारखान्याचं चित्र आहे, त्या खिडकीखाली माझा भाऊ काम करतो. तो भला माणूस होता, त्यानं खरंच बघितलं. मग म्हणाला, 'माल बनला कुठे ते बघत नाहीत. निघाला कुठून ते बघतात.' त्याच्या वरच्यांना भेटलो. त्यांनी चहा दिला आणि अर्ज ठेवून घेतला. उत्तर अजून नाही.

म्हणजे आपली ब्रँडी इथे आपली म्हणून महाग आणि तिथे परकी म्हणून महाग. तिला जायला जागा नाही, वहिनी.

मला आधी माहीत नव्हतं, हे तू बरोबर ओळखलंस. पण नवे नियम मार्चमध्येच बाईंच्या टेबलावर आले होते आणि मी ते उघडून वाचले नाहीत, कारण मला सगळं येतं असं मला वाटत होतं. बाई जागाबिगा काही बदलत नाहीयेत. त्यांनी मला काढलं.

दादाला यातलं कितपत सांगायचं ते तू ठरव.

तुझा दीर

२० जून

भावोजी,

काढलं ते मला कळलं होतं. घरचा पत्ता दिलात तेव्हाच.

दादांना मी सगळं वाचून दाखवलं. ऐकलं आणि पोती भिजवायला गेले. कारखान्याला कुलूप आहे, पण तळघराची किल्ली मालकांनी त्यांच्याकडे राहू दिली आहे. ऊन असं की पोतं वाळायला वेळ लागत नाही. दिवसातून कितीदा जिना उतरतात, ते मी मोजणं सोडून दिलंय. चौथ्या थोरलीचा वरचा पट्टा एकदा निसटला, तो पुन्हा ठोकून बसवला. पाठीचं मी बोलत नाही, तेही बोलत नाहीत. भट्टीचं तांब्याचं भांडं भंगारवाल्यानं नेलं. जाताना दारात अडकलं, म्हणून चौकट फोडली.

मी आता थोडंच मागते. सातही नकोत. एका थोरलीपुरतं मिळवा. एक जगली तर तिच्यातून थोडं थोडं दुसरीत घालता येईल, मग तिसरीत. आपल्या हयातीत सात होणार नाहीत, पण सुरुवात तर होईल. शुल्क भरून तेवढीच खोकी सोडवा. प्रवाशाला दोन बाटल्या बिनशुल्काच्या आणता येतात ना? तुमच्याकडून इकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती दोन दोन द्या. वर्ष लागू दे. मी माझ्या शिलकीतले पैसे पाठवलेत. दादांना माहीत नाही. त्यांना वाटतं तुम्ही तुमचे घालताय, आणि तसंच वाटू द्या.

माझा तुमच्यावर राग नाही. होता. तो धरून ठेवायला आता सवड नाही.

वाट बघतेय.

तुमची वहिनी

२ सप्टेंबर

वहिनी,

तुझं जूनचं पत्र आणि त्यानंतरचं आठवणीचंही मिळालं. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहू ते सुचत नव्हतं. आज लिहून टाकतो.

तुझे पैसे आले त्याच्या आदल्या आठवड्यात लिलाव झाला. गोदामाचं भाडं थकलं होतं, बाईंनी हात वर केले. सगळा माल एका कारखान्यानं घेतला. ते काचा पुसायचं द्रव बनवतात. त्यांना चवीशी, वयाशी देणंघेणं नाही. आत अल्कोहोल किती, तेवढाच भाव.

मी त्यांच्या मालकाकडे गेलो, थोडी खोकी विकत मागितली. तो म्हणाला, सरकारनं त्याला हा माल न पिण्याच्या कामासाठी म्हणून बिनशुल्क सोडलाय, एक बाटली बाहेर गेली तर त्याचा परवाना जाईल. मग मी त्याच्याकडे कामाला लागलो. मला वाटलं, आत शिरलो की रोज एखादी लपवून आणता येईल. पण निघताना फाटकावर झडती घेतात. पहिल्याच दिवशी माझ्या डब्याचं झाकण उघडून बघितलं.

काम बुचं काढायचं होतं. एका लांब टेबलाशी आम्ही बसायचो, बूच काढायचं आणि समोरच्या नळकांड्यात बाटली उपडी करायची. खाली टाकी. टाकीत निळा रंग घालतात. पहिल्या दिवशी सगळ्या खोलीत तळघराचा वास सुटला. शेजारची बाई म्हणाली, कशाचा हो हा वास, इतका चांगला? मी म्हटलं, माहीत नाही.

सोडून निघून जायला हवं होतं. गेलो नाही. आधी वाटत होतं, काहीतरी युक्ती सुचेल. मग पगाराची गरज होती. परवा शेवटचं खोकं झालं. वहिनी, अर्ध्याहून जास्त मी माझ्या हातानं ओतलीये.

तुझे पैसे सोबत परत करतोय. इथे आता माझं काही उरलेलं नाही. घरी येऊ का? दादाच्या हाताखाली लाकडं उचलीन, पडेल ते काम करीन. तू म्हणशील तसं.

तुझा दीर

२१ सप्टेंबर

भावोजी,

पत्र मी दादांना वाचून दाखवलं. निळ्या रंगाचं वाक्य गाळायचं असं ठरवलं होतं, पण वाचता वाचता तेही वाचलं गेलं. ते खाटेवर बसले होते. म्हणाले, 'वास आला म्हणाला ना तो?' मी हो म्हटलं. मग जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी पोती भिजवायला गेले नाहीत. मीही गेले नाही. पाऊस यंदा आलाच नाही, कोरडं ऊन होतं, थोरल्या आठवडाभरात बोलायला लागल्या. फळी आकसताना कट्ट् असा आवाज येतो, तो घरापर्यंत यायचा. आम्ही दोघं जेवत असलो तर घास हातात धरून थांबायचो आणि मग पुन्हा जेवायला लागायचो.

मालकांनी तळघर रिकामं करून द्यायला सांगितलं. एक रोपवाटिकावाला पिंपं घ्यायला तयार झाला, पण मधोमध कापून हवीत, कुंड्या करायला. त्याची माणसं करवत घेऊन आली आणि पहिलीला उभी चिरायला निघाली. दादा पुढे झाले, त्यांच्या हातातून करवत घेतली. मला वाटलं, आता हाकलतात त्यांना. पण म्हणाले, 'अशी कापाल तर सगळ्या फळ्या सुटतील. आधी मधले पट्टे सरकवायचे.' आणि सातही त्यांनी स्वतः कापल्या. नीट, पट्टे सैल न होऊ देता. चौदा कुंड्या झाल्या. त्या माणसांनी त्यांना शाबासकी दिली.

मी तिथेच उभी होते. करवत फिरली की लाकडातून वास यायचा, माझ्या साड्यांना असायचा तोच. मी नाक झाकून घेतलं. माझं सगळं आयुष्य या नाकावर गेलं, आणि मी ते झाकलं. रडले का म्हणाल, तर हो, रडले. तिथेच, त्या परक्या माणसांसमोर.

दादा आता फळांची खोकी ठोकायच्या कारखान्यात जातात. बारीक खिळे, पातळ फळ्या. मी दोन घरी स्वयंपाक करते. माझ्या हाताला चव आहे म्हणतात.

तुम्ही ओतलीत त्याचं मनाला लावून घेऊ नका. ती दुसऱ्या कुणी तरी ओतलीच असती. होकार माझा होता, सल्ला तुमचा होता, आणि शुल्क कुणाचं होतं ते तर आपल्याला दिसतही नाही. कुणावर ओरडायचं?

तुम्ही विचारलंत, घरी येऊ का. मला एकटीला ठरवायचं नव्हतं, म्हणून दादांना विचारलं. म्हटलं, भावोजी परत येऊ का विचारताहेत. ते म्हणाले, 'कशाला?'

रागानं नाही हो, भावोजी. त्यांना खरंच कळेना. माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत बसले. मला काही सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर या.

तुमची वहिनी